परड्याच्या कडेला मर्यादवेल

ताईंनो, या वेळचा धडा अशा वेलीवर आहे जी किनाऱ्यावरच्या आपल्यातल्या प्रत्येकीने कधी ना कधी पायाखाली तुडवली आहे. पुळणीवर मासळी आणायला जाताना पायात अडकते ती, शेळीच्या खुरासारख्या पानांची, जांभळट फुलांची. तिचं नाव मर्यादवेल. उधाणाचं पाणी जिथे थांबतं तिथून पुढे ती पसरते, म्हणून हे नाव. समुद्राने इथवर यावं, पुढे येऊ नये, अशी जणू हद्दीची खूण.

ही वेल परड्यात लावा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ह्या लावून खावक काय मेळतला?" सरळ उत्तर द्यायचं तर खायला काही मिळणार नाही. ही भाजी नाही, चारा नाही, औषध म्हणून घरात ठेवायची वस्तूही नाही. पण ज्यांचं परडं किंवा आगर समुद्राला लागून आहे त्यांना दुसरा हिशोब माहीत आहे. पुळणीकडच्या शेवटच्या ओळीतल्या माडाची मुळं उघडी पडत चालली आहेत. एप्रिल-मे महिन्यात दुपारचा वारा सुटला की कोरडी वाळू भाजीच्या वाफ्यावर, विहिरीत, पडवीत येऊन बसते. बाणवली जातीचा माड लावल्यापासून फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात. असा एक माड आडवा झाला तर गटाच्या कर्जाचे दोन हप्ते कुठून भरायचे, हा विचार करावा लागतो. मर्यादवेल लावायची ती या कारणासाठी.

आधी तिची नीट ओळख करून घेऊ, कारण एकीचं नाव दुसरीला चिकटतं आणि भलतंच रोप घरात येतं. मर्यादवेलीचं पान जाड, गुळगुळीत, आणि टोकाला मधोमध चिरलेलं असतं. दसऱ्याला आपण आपट्याचं सोनं वाटतो ना, तसं दोन पाळ्यांचं. शास्त्रज्ञांनी तिला लॅटिनमध्ये दिलेल्या नावाचा अर्थही शेळीचा पाय असाच आहे. खोड जमिनीवर सरपटतं आणि दहा मीटरच्याही पुढे जातं. मोडलं तर पांढरा चीक येतो. फूल नरसाळ्यासारखं, सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. फळ म्हणजे गोल बोंड, आत बहुधा चार बिया, तपकिरी आणि लव असलेल्या. या बिया खाऱ्या पाण्यावर महिनोन्‌महिने तरंगतात आणि तरी जिवंत राहतात. म्हणून तर आपल्या कोकणातली हीच वेल श्रीलंकेत, आफ्रिकेच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरही सापडते. गाडीभाडं न देता केलेला प्रवास!

रताळं आणि नाळीची भाजी ही तिच्याच कुळातली. बेशरमसुद्धा त्याच कुळातलं, आणि गोंधळ होतो तो इथेच. बेशरम उभं वाढतं, ओढ्याकाठी आणि गटाराकाठी माजतं, त्याचं पान लांबट हृदयाच्या आकाराचं असतं आणि ते जनावरांना विषारी आहे. ते बाहेरून आलेलं झाड आहे. मर्यादवेल आपल्याच किनाऱ्याची. पान टोकाला चिरलेलं नसेल आणि रोप उभं असेल तर ते परड्यात आणू नका.

वाळू थांबते कशी

वारा कोरडी वाळू उचलतो आणि जमिनीलगत पुढे ढकलत नेतो. वाटेत काही आडवं आलं की वाऱ्याचा जोर कमी होतो आणि वाळू तिथेच पडते. दगड आडवा आला तरी पडते, पण दगड काही दिवसांनी वाळूत बुडून जातो आणि काम संपतं. मर्यादवेल बुडत नाही. तिच्यावर वाळू साठली की ती वर डोकं काढते आणि गाडल्या गेलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात. पुन्हा वाळू साठते, पुन्हा ती वर येते. असं करत करत खाली मुळांची जाळी आणि वर पानांची चटई, यांच्या मधे वाळूची टेकडी तयार होते. आपण ज्याला पुळणीवरचा उंचवटा म्हणतो तो बऱ्याच ठिकाणी याच वेलीने आणि तिच्या जोडीच्या काटेरी गवताने उभा केलेला असतो.

या उंचवट्याचं खरं काम पावसाळ्यात दिसतं. जून ते ऑगस्ट मोठ्या लाटा पुळण कापून वाळू आत ओढून नेतात आणि पाऊस सरला की लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. पुळणीचं हे दरवर्षीचं देणंघेणं आहे. मागे उंचवटा असेल तर समुद्र त्या शिल्लकीतून घेतो. उंचवटा सपाट करून आपण कुंपण अगदी पुढे नेलं असेल तर समुद्र घेतो ते आपल्या आगरातूनच. बचत गटातल्या बायकांना हे जास्त फोडून सांगायला नको. शिल्लक नसली की घरातली भांडी निघतात.

पण वेलीकडून भलती अपेक्षाही ठेवू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून गेलं. असल्या वादळात वेल फाटते, उंचवटाही कापला जातो. फरक एवढा की जिथे मुळं शिल्लक राहतात तिथे ती पुन्हा फुटते आणि वाळू पुन्हा धरू लागते. कोणी विचारेल, मग धूपप्रतिबंधक बंधारा काय वाईट? जिथे घरंच लाटेच्या तोंडाशी आली आहेत तिथे बंधारा लागतो, त्यावर वाद नाही. पण लाट दगडावर आपटून मागे फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि बंधारा जिथे संपतो तिथे शेजारणीच्या हद्दीत धूप वाढते, हेही बऱ्याच ठिकाणी दिसतं. शिवाय बंधाऱ्याचा निधी कधी येईल हे आपल्या हातात नाही. वेलीचे चाळीस तुकडे लावणं हातात आहे.

सुरूबद्दलही एक शब्द. सुरूच्या बनाने वाऱ्याचा जोर मोडतो हे खरं, पण त्याच्या खाली पडणाऱ्या सुयांचा थर आणि सावली यामुळे जमिनीवर दुसरं फारसं काही वाढत नाही. लाटेने पायथा कापला की सुरूची झाडं ओळीने आडवी पडतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. माझं मत विचाराल तर पुढे मर्यादवेल आणि गवत, त्यामागे केवडा आणि निगडी, आणि मग उंडी, करंज, माड, अशी चढती रांग किनाऱ्याला शोभते आणि टिकते. सुरू जिथे आहे तिथे असू द्या, पण त्याच्या पुढ्यातली वेल उपटून नवं सुरू लावायला जाऊ नका.

तुकडे आणायचे कुठून

वेल फुकट आहे म्हणून पुळणीवर जाऊन कोयत्याने सपासप कापून आणायची, असं करू नका. त्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की किनाऱ्यावरची वाळूची टेकडी ही सीआरझेडच्या नियमात सगळ्यात नाजूक गटात मोडते. ती कापणं, सपाट करणं, तिथली वाळू नेणं याला मनाई आहे. सुरूची बनंही अनेक ठिकाणी वन विभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या ताब्यात असतात. म्हणून ग्रामपंचायतीला गटाच्या लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र द्या, कुठून आणि किती तुकडे घेणार ते लिहा आणि पोच घ्या. बन वन खात्याचं असेल तर वनरक्षकाला आधी विचारा. दुसरी अडचण त्याहून साधी आहे. आपलं परडं वाचवायला गावाची पुळण उघडी केली तर उद्या तीच वाळू उडून आपल्याच दारात येणार.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे फाटलेली वेल गोळा करणं. उधाण येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी पुळणीवर वेलीचे तुटके लांबच लांब दोर पडलेले असतात. खोड हिरवं आणि कडक असेल, नखाने खरवडल्यावर आत ओलावा दिसत असेल, तर तो तुकडा जगतो. हे कमी पडले तर उभ्या वेलीचे घ्या, पण एका वेलीवरून दोनांपेक्षा जास्त नको, आणि समुद्राकडच्या तोंडाचे नकोत, मागच्या बाजूचे घ्या. वेगवेगळ्या जागेवरून घेण्यात आपलाही फायदा आहे. एकाच वेलीचे तीस तुकडे लावले तर ती शेवटी एकच वेल झाली. अशा वेलीला फुलं येतील, पण बी चांगलं धरायला दुसऱ्या वेलीचा पराग लागतो.

किती तुकडे लागतील? समजा परड्याची समुद्राकडची कड १५ मीटर आहे. एक मीटरवर एक रोप, दोन ओळी, दुसरी ओळ पहिलीच्या मधल्या जागेत येईल अशी. म्हणजे तीस रोपं. दहा मरतील असं धरून चाळीस तुकडे आणा. गटातल्या पाच जणींनी मिळून लावायचं ठरवलं तर एका दिवसात सगळं आणून, सगळं लावून होतं. एकेकीने वेगवेगळ्या दिवशी केलं की कोणाचा बैल, कोणाचा नांगर असं होतं आणि लावणी राहून जाते.

लावणी

आता मुद्द्याचं, लावायची कधी. इथे दोन जागा वेगळ्या धरायच्या. परड्याच्या आत, गडग्याच्या किंवा वईच्या आतल्या बाजूला लावणार असाल तर मिरगाचा पाऊस दोन-तीनदा चांगला पडून गेला की लावा. पाणी घालायची कटकट वाचते. पण कुंपणाबाहेर, पुळणीकडच्या उघड्या कडेवर लावणार असाल तर जूनमध्ये मुळीच लावू नका. पुढच्या उधाणाला सगळं वाहून जाईल आणि मेहनत फुकट. त्यासाठी नारळीपौर्णिमेपर्यंत थांबा. समुद्र निवळू लागलेला असतो, वाळू परत यायला लागते आणि पावसाच्या सरी अजून शिल्लक असतात. नारळीपौर्णिमा ते अनंत चतुर्दशी हा काळ सगळ्यात बरा. दिवाळीनंतर लावलं तरी जगतं, पण महिनाभर घागरीने पाणी घालायची तयारी ठेवा.

रताळ्याची वेल कशी लावतो ते सगळ्यांना येतं. ही जवळजवळ तशीच लावायची, फक्त जरा खोल. तुकडा हातभर घ्या, चार-पाच पेरांचा. शेंड्याकडचा अगदी कोवळा लुसलुशीत भाग नको, बुडाकडचा लाकडासारखा झालेलाही नको, मधला घ्या. खालच्या तीन पेरांची पानं काढून टाका. हे तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि त्याच दिवशी लावून संपवा. वाळूत तिरका चर काढा, वीतभर खोल. वरची चार बोटं वाळू उन्हाने तापते आणि कोरडी होते, ओलावा त्याखाली असतो, म्हणून वरवर लावलेला तुकडा करपतो. तीन पेरं चरात आडवी-तिरकी निजवा, दोन पेरं वर राहू द्या, वाळू लोटून पायाने घट्ट दाबा. बुडाकडची बाजू खाली गेली आहे ना हे एकदा बघा. घाईत उलटं लावलं जातं.

पहिला आठवडा पाऊस नसेल तर रोज संध्याकाळी तांब्याभर गोडं पाणी. पुढचे दोन आठवडे दोन दिवसांआड. मर्यादवेल खारं वारं सोसते, अंगावर खारे तुषार उडालेले चालतात, पण मुळं धरेपर्यंत तिला गोडं पाणीच द्या. जुनी पानं पिवळी पडून गळतील, घाबरू नका. पंधरा-वीस दिवसांत पेराशी नवा कोंब दिसला की ती लागली असं समजा. त्यानंतर पाणी बंद. शेण, खत काही नको. जास्त खत दिलं तर नुसतीच पानं माजतात.

लावणीबरोबर एक काम अवश्य करा. वेलीच्या समुद्राकडच्या बाजूला झावळ्यांचा बुटका आडोसा घाला, गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली. झावळ्या दाट विणू नका. निम्मा वारा आरपार गेला पाहिजे. आडोसा भिंतीसारखा गच्च केला तर वारा त्याला वळसा घालून जोरात येतो आणि पायथा उकरतो. विरळ आडोशाच्या मागे मात्र वाळू शांतपणे साठते. झावळ्या एक-दोन वर्षांत कुजतील, तोवर वेल आपलं काम हातात घेईल.

बियांपासून करायची असेल तर बोंडं तपकिरी होऊन वाळली की बिया काढा. कवच फार टणक असतं, नुसतं पेरलं तर महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. बी जिथे बोंडाला चिकटलेलं असतं ती जागा सोडून दुसऱ्या बाजूला पॉलिशपेपरवर किंवा खरबरीत चिऱ्यावर घासा, आतला फिका भाग जेमतेम दिसेपर्यंत. मग रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. सकाळी जे फुगून मोठे झाले ते पेरा, जे तसेच आहेत ते पुन्हा घासा. बोटाच्या एका पेराएवढंही खोल नको, त्याच्या निम्मं पुरे. पिशवीत तीन वाटे वाळू, एक वाटा कुजलेलं शेणखत. हे काम चिकाटीचं आहे, पण रोपं एकमेकांहून वेगळी निघतात हा त्याचा गुण.

ज्यांचं परडं समुद्रापासून लांब, तांबड्या मातीत किंवा कातळावर आहे त्यांनी ही वेल नाही लावली तरी काही बिघडत नाही. हौस असेल तर वाळू-खडी मिसळून ढीग करा आणि भर उन्हात लावा. चिकण मातीत पाणी साचलं की तिची मुळं कुजतात. पण त्यासाठी पुळणीची वाळू आणू नका. आपण जे वाचवायला निघालो तेच पोत्यात भरून आणण्यासारखं होईल.

पसारा आणि निगा

एकदा लागली की ही वेल थांबत नाही. भाजीचे वाफे, मिरचीची रोपं, विहिरीचा कठडा, यांपासून तिला चार हात लांब लावा. महिन्यातून एकदा कडेने फिरून आत आलेले शेंडे उचलून उलट्या बाजूला, समुद्राकडे वळवून ठेवा. तोडायची गरज क्वचितच पडते, वळवलं की ती तिकडे जाते. वाढायला आपण मोकळीक द्यायची ती समुद्राच्या दिशेने. पानांवर गोल भोकं दिसली तर उलटवून पाहा. छोटे, चमकदार, कासवाच्या पाठीसारखे किडे असतात, तेच रताळ्यावरही येतात. फवारणी करू नका, वेल त्यांना पुरून उरते. फक्त शेजारी रताळं लावलं असेल तर अंतर ठेवा.

वाट हा सगळ्यात नाजूक भाग. वेल पायाने तुटते, आणि जिथून आपण रोज जातो तिथे वाळू उघडी पडते. वाट एकच ठेवा आणि ती समुद्राकडे सरळ नेऊ नका, तिरकी किंवा नागमोडी काढा. सरळ वाटेत वारा नळीतून घुसावा तसा घुसतो आणि वाट दरवर्षी खोल होत जाते. परड्यापुढून पर्यटकांच्या गाड्या पुळणीवर उतरत असतील तर हा विषय एकटीने भांडून सुटत नाही. तो ग्रामसभेत लेखी मांडायचा.

आणि वाळवणाचं काय? हा प्रश्न कोळीवाड्यातल्या बायका विचारणारच, आणि विचारायलाच हवा. बोंबील, सुकट वाळत घालायला मोकळी वाळू लागते, जाळी पसरायला जागा लागते. वेलीत जाळं अडकलं की सोडवताना जीव जातो. होड्या ओढायची वाट मोकळी लागते. वेल वाचवायची म्हणून त्यांच्या पोटाची जागा अडवायची, हे या धड्यात बसत नाही. लावणीच्या आधी सगळ्या जणींनी एकत्र पुळणीवर चक्कर मारा. होडीची वाट, जाळ्याची जागा, वाळवणाची जागा पायाने रेघ ओढून आखून घ्या. उरलेल्या कडेलाच वेल लावा. बहुतेक ठिकाणी दोन्हीला पुरेल एवढी जागा निघते, फक्त ती आधी ठरलेली नसते.

तसंच कासवांचं. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा कितीतरी पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालायला येतात. वेळासला २००२ पासून गावाने ती राखली आहेत. आपल्या गावात कासवं चढत असतील तर त्यांची चढण्याची जागा कासवमित्रांना विचारून मोकळी सोडा. दाट जाळीत पिल्लं अडकू शकतात. घरट्याची खूण असेल तिथे खणायचंच नाही.

खाण्याबद्दल पुन्हा एकदा, कारण पोरं काहीही तोंडात घालतात. नाळीची भाजी खातो म्हणून हिचीही पानं शिजवून बघू असं कोणी करू नये. बिया तर अजिबात नाही. समुद्रातला जेलीफिश अंगाला लागला की हिचा पाला वाटून लावतात, ही रीत कितीतरी देशांच्या किनाऱ्यांवर आहे. पण आग होऊन चक्कर येत असेल, श्वास लागत असेल, तर पाला वाटत बसू नका. थेट आरोग्य केंद्रात जा.

गटाला यातून पैसा?

थोडा मिळू शकतो, खूप नाही, आणि आधी वचन कोणाला देऊ नका. किनाऱ्यावर घरगुती निवास चालवणारे, आगरात बाग करणारे लोक खाऱ्या वाऱ्यात जगेल असं काहीतरी शोधत असतात. लॉन लावतात आणि उन्हाळ्यात करपलेलं बघतात. त्यांच्यासाठी पिशवीतली तयार रोपं करून ठेवता येतील. तुकडा पिशवीत लावला की आठ-दहा दिवस सावलीत, मग उन्हात. पाच-सहा आठवड्यांत रोप देण्याजोगं होतं. त्याहून जास्त दिवस ठेवलं तर सगळ्या पिशव्यांचे शेंडे एकमेकांत गुंततात आणि मुळं पिशवी फोडून जमिनीत जातात. म्हणून गिऱ्हाईक आधी, रोप मागून. पहिल्या वर्षी पन्नासाच्या वर पिशव्या भरू नका. पिशवी, खत, गाडीभाडं आणि आपल्या कामाचे तास वहीत लिहा, मग दर ठरवा. कामाचे तास लिहायला आपण बायका नेहमी विसरतो आणि नफा झाला असं म्हणतो.

बैठकीसाठी काम

ज्या गटांना हा धडा करून बघायचा आहे त्यांनी दोन बांबूच्या काठ्या घ्या, पुरुषभर उंचीच्या. रंगाने दर दहा सेंटीमीटरवर पट्टा ओढा. एक काठी वेल लावलेल्या पट्ट्याच्या मधोमध रोवा, दुसरी त्याच रेषेत वेल नसलेल्या उघड्या वाळूत. दोन्ही निम्म्या गाडा, म्हणजे हलणार नाहीत. दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी दोघींनी जाऊन वाळू कितव्या पट्ट्यापर्यंत आहे ते बघायचं आणि इतिवृत्ताच्या वहीत मागच्या पानावर लिहायचं : तारीख, वेलीतली काठी, उघड्यावरची काठी. मोठं वादळ किंवा उधाण झालं तर दुसऱ्या दिवशी जास्तीचं एक मोजमाप. पहिल्या दोन-तीन महिन्यांत फारसा फरक दिसणार नाही, तरी लिहीत राहा. फेब्रुवारी ते मे हे महिने कोरड्या वाऱ्याचे, तेव्हाचे आकडे मुख्य. पुढे कधी ग्रामपंचायतीकडे किंवा वन खात्याकडे किनाऱ्याबद्दल काही मागायला गेलात तर ही वही बरोबर न्या.

नारळीपौर्णिमेच्या आधीच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवून ठेवा : पत्र कोण देणार, तुकडे कुठून येणार, आणि पहिल्या आठवड्याचं पाणी कोणाकडे. काठ्यांना रंग त्याच दिवशी देऊन टाका, वाळायला एक दिवस लागतो.